क्रेडिट रिपोर्टमधील क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या नोंदी कशा दुरुस्त करून घ्याव्यात

कर्जाचा अर्ज नामंजूर झाला आणि ‘तुमचे सिबिल बसत नाही’ एवढेच कारण सांगण्यात आले, की अर्जदार आपले जुने हप्ते आठवू लागतो. हप्ते वेळेवर गेलेले असतात, चेक कधी परत आलेला नसतो, आणि तरीही स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, खाली गेलेला असतो. अशा वेळी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंदवही, ओळीओळीने वाचला, तर अडचण कित्येकदा क्रेडिट कार्डाच्या एखाद्या नोंदीत सापडते. चार वर्षांपूर्वी बंद केलेले कार्ड चालू दिसते, कधीच न वापरलेल्या कार्डावर थकबाकी चढलेली असते, पूर्ण भरलेल्या बिलापुढे ‘सेटल्ड’, म्हणजे कमी रक्कम घेऊन मिटवले, असा शेरा पडलेला असतो, किंवा कार्डच मुळात दुसऱ्या कोणाचे असते. या चुका दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि त्यासाठी एक रुपयाही फी नाही. मात्र तक्रार कोठे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कागदासह करायची, हे आधी समजून घेतले पाहिजे.

भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीखाली काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या आदेशानुसार प्रत्येक बँकेला आणि वित्तसंस्थेला या चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे लागते, त्यामुळे एका बँकेने पाठवलेली चुकीची माहिती बहुधा चारही ठिकाणी जाऊन बसलेली असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी धावपळ तिच्यावर अवलंबून आहे: पतमाहिती कंपनी कार्डाची नोंद स्वतः लिहीत नाही, बँक जी माहिती पाठवते, तीच कंपनी साठवते. म्हणून बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी त्या नोंदीत बदल करू शकत नाही, आणि बँकेने आपल्या दप्तरात दुरुस्ती केली तरी ती कंपनीकडे पाठवल्याशिवाय रिपोर्टमध्ये काहीच बदलत नाही. तक्रार या दोन्ही ठिकाणी, शक्यतो एकाच दिवशी आणि लेखी स्वरूपातच गेली पाहिजे. फक्त ग्राहक सेवा केंद्राला फोन करून ‘साहेब, बघून घ्या’ म्हटल्याने आजवर फारशा नोंदी सुधारलेल्या नाहीत.

चारही रिपोर्ट मिळवणे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट, स्कोअरसह, विनामूल्य द्यायचा असतो. ही सोय जानेवारी २०१७ पासून आहे. त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर वर्षातून एकदाच्या मोफत रिपोर्टची लिंक असते. पॅन, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांवर काम होते. अनेक मोबाइल अ‍ॅप केवळ स्कोअर आणि थोडक्यात माहिती दाखवतात, त्यावर तक्रार उभी राहत नाही. तक्रारीसाठी संपूर्ण रिपोर्टची पीडीएफ आणि त्यावरील नियंत्रण क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, हवा. आपलाच रिपोर्ट आपण पाहिल्याने स्कोअर कमी होतो, ही समजूत चुकीची आहे. स्कोअरवर परिणाम होतो तो कर्ज किंवा कार्डासाठी अर्ज केल्यावर बँकेने रिपोर्ट मागवला, तर.

ज्या बँकेने अर्ज नाकारला, तिच्याकडेही एक मागणी करता येते. पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ नुसार, कर्जासाठी अर्ज केलेली व्यक्ती बँकेने मागवलेल्या पतमाहितीची प्रत बँकेकडून मागू शकते. बँकेने नेमके काय वाचून नकार दिला, हे त्यावरून कळते. हा हक्क फार कमी लोक वापरतात आणि शाखेतही तो पुष्कळदा माहीत नसतो, म्हणून अर्जात कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

रिपोर्टमध्ये नेमके काय पाहावे

वैयक्तिक माहितीपासून सुरुवात करावी. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि मोबाइल क्रमांक यांत एखादा अनोळखी पत्ता किंवा कधीच न वापरलेला क्रमांक दिसला, तर दुसऱ्या कोणाची माहिती आपल्या रिपोर्टमध्ये मिसळली असण्याची शक्यता असते. महाराष्ट्रात हा धोका अधिक आहे. पाटील, शिंदे, जाधव, कुलकर्णी ही आडनावे गावोगाव आहेत, नावांची निवडही ठराविक असते, आणि एखाद्या अर्जावर मधले नाव लिहिलेले असते तर दुसऱ्यावर नसते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत एका कार्डावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव राहते. इंग्रजी स्पेलिंगही दर ठिकाणी निराळे पडते. पॅनमधील एखादे अक्षर नोंदवताना चुकले, की तेवढ्यावर दोन माणसांची खाती एकत्र होऊ शकतात.

त्यानंतर खात्यांच्या भागात ‘क्रेडिट कार्ड’ असा प्रकार असलेली प्रत्येक नोंद वेगळी काढावी. कार्डाचा किंवा खात्याचा क्रमांक बहुधा शेवटच्या काही अंकांपुरताच दिसतो. ते अंक आपल्याकडील जुन्या विवरणपत्राशी जुळवावेत. खाते उघडल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, शेवटच्या भरण्याची तारीख, कार्डाची मर्यादा, चालू शिल्लक आणि थकीत रक्कम हे रकाने त्याच विवरणपत्रांवरून तपासावेत. मालकीच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ आहे की आपण दुसऱ्याच्या खात्यावरील अ‍ॅड-ऑन कार्डधारक आहोत, हेही पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो महिनावार भरण्याचा तक्ता. प्रत्येक महिन्यासमोर तीन अंक असतात, आणि ते देय तारखेनंतर किती दिवस रक्कम थकली, ते सांगतात. तेथे ‘०००’ असेल तर त्या महिन्यात थकबाकी नाही. ‘एक्स’ हे अक्षर तीनदा असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सिबिलच्या रिपोर्टमध्ये हा तक्ता मागील ३६ महिन्यांपर्यंतचा असतो.

हा तक्ता कसा बिघडतो, ते एका नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. पहिल्या वर्षी फी नाही, असे सांगून दिलेले कार्ड कपाटात पडून आहे. दुसऱ्या वर्षी ५०० रुपये वार्षिक फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये बिलात लागले. बिल जुन्या ईमेलवर गेले, ग्राहकाला पत्ताच नाही. मग विलंब शुल्क लागले, व्याज लागले, त्या दोहोंवर पुन्हा जीएसटी लागला. तक्त्यात पहिल्या महिन्यात ‘०००’, नंतर तीसच्या आसपास, मग साठ, मग नव्वद अशी चढण दिसू लागते, आणि नव्वद दिवस उलटल्यावर खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, गणले जाते. लाखांचे घरकर्ज ज्या कारणाने अडते ते ५९० रुपयांचे असू शकते. कारण तक्त्यात दिवस मोजले जातात आणि रक्कम लहान आहे म्हणून ते कमी होत नाहीत.

कोणती नोंद चूक नसते

तक्रार करण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक आहे, कारण खऱ्या नोंदीविरुद्ध केलेली तक्रार फेटाळली जाते आणि त्यात महिना वाया जातो. बिल वेळेवर आणि पूर्ण भरले असूनही चालू शिल्लकेत ४० हजार रुपये दिसत असतील, तर ती बहुधा चूक नसते. बँकेने माहिती पाठवली त्या दिवशी तेवढी रक्कम कार्डावर होती, एवढाच त्याचा अर्थ. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे हा फरक पूर्वीपेक्षा लवकर मिटतो. थकीत रक्कम शून्य असेल आणि महिनावार तक्ता स्वच्छ असेल, तर चालू शिल्लकेची चिंता करू नये. एखाद्या महिन्यात खरोखरच उशीर झाला असेल, तर ती नोंद ‘दुरुस्त’ होत नाही. ती काळाच्या ओघात मागे पडते. रक्कम कमी करून घेऊन मिटवलेल्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ लिहिलेले असेल, तर तेही खरेच असते.

चुकांचे प्रकार आणि त्यांना लागणारा पुरावा

बंद केलेले कार्ड चालू दिसत असेल, तर कार्ड बंद करण्याची विनंती केव्हा केली, याचा पुरावा शोधावा. ईमेल, अ‍ॅपमधील विनंती क्रमांक, एसएमएस यांपैकी काहीही चालते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक नियमांनुसार सर्व देणी भरलेली असतील, तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. तसे न झाल्यास खाते बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात, मात्र खात्यावर काही बाकी असता कामा नये. हे नियम लागू झाले १ जुलै २०२२ पासून. त्यापूर्वी फोनवरून कार्ड बंद केलेल्यांकडे पुरावा नसतो, म्हणून बँकेकडे त्या कॉलची नोंद आणि शेवटच्या व्यवहारानंतरची सर्व विवरणपत्रे लेखी मागावीत. शेवटच्या खरेदीनंतर खात्यात केवळ फी, व्याज आणि कर यांच्याच नोंदी आहेत, हे त्या विवरणपत्रांवरून उघड दिसते आणि आपले म्हणणे भक्कम होते.

न मागितलेले किंवा कधीच सुरू न केलेले कार्ड रिपोर्टमध्ये असेल, तर बाजू आणखी मजबूत आहे. याच नियमांनुसार नवे कार्ड ग्राहकाने सुरू करण्यापूर्वी त्याची माहिती पतमाहिती कंपनीकडे पाठवताच येत नाही. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ते सुरू झाले नाही, तर बँकेने ओटीपीद्वारे ग्राहकाची संमती घ्यायची, आणि संमती न मिळाल्यास सात कामकाजाच्या दिवसांत ते खाते विनाखर्च बंद करायचे. संमतीशिवाय कार्ड देऊन, ते सुरू करून बिल आकारले असेल, तर बँकेने ती रक्कम परत करून शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा आहे. अर्जात एकच प्रश्न विचारावा: माझी संमती कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर पाठवलेल्या ओटीपीने घेतली, त्याची नोंद द्या.

एकच कार्ड दोनदा दिसणे हा तिसरा प्रकार. कार्ड हरवल्यावर नवा क्रमांक मिळतो, वरच्या श्रेणीचे कार्ड मिळाल्यावर क्रमांक बदलतो, किंवा बँकेचा कार्ड व्यवसायच दुसऱ्या बँकेकडे जातो. सिटी बँकेचा भारतातील किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी अ‍ॅक्सिस बँकेकडे गेला, तसे हे हस्तांतर असते. अशा वेळी जुनी नोंद बंद झालेली आणि नवी चालू दिसली पाहिजे. दोन्ही चालू दिसत असतील आणि दोन्हींवर शिल्लक असेल, तर आपले कर्ज कागदोपत्री दुप्पट होते. उघडण्याची तारीख आणि शिल्लक सारखी आहे, हे दोन्ही नोंदींवर खूण करून दाखवले, की सहसा वाद राहत नाही.

‘सेटल्ड’ या शेऱ्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण येथे प्रामाणिक ग्राहकाचे सर्वाधिक नुकसान होते. बँकेने चुकीने लावलेले शुल्क ग्राहक नाकारतो. बरीच पत्रापत्री झाल्यावर बँक ते शुल्क सोडून देते आणि मूळ रक्कम ग्राहक पूर्ण भरतो. ग्राहकाच्या दृष्टीने वाद मिटला. बँकेच्या संगणकात मात्र येणे रकमेपेक्षा कमी रक्कम घेऊन खाते बंद केले, अशी नोंद होते आणि रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ उमटते. पुढचा कर्जदाता तो शब्द वाचतो तेव्हा या माणसाने बँकेचे पैसे बुडवले, असाच अर्थ घेतो. म्हणून बँकेने शुल्क मागे घेतले, तर ‘चुकीने आकारलेले शुल्क उलटवले’ असे लेखी घ्यावे. ‘सूट दिली’ किंवा ‘तडजोड केली’ ही भाषा पत्रात येऊ देऊ नये. शेरा आधीच पडला असेल, तर पूर्ण भरण्याच्या पावत्या आणि ना-देय प्रमाणपत्र जोडून खात्याची स्थिती ‘क्लोज्ड’ करण्याची मागणी करावी. ज्यांनी पूर्वी खरोखरच तडजोड केली आहे, त्यांना उरलेली रक्कम भरून बँकेकडून तसे पत्र घेता येते आणि मग बँक सुधारित स्थिती कळवू शकते. हा खर्च करायचा की नाही, हे जवळच्या काळात मोठे कर्ज घ्यायचे आहे का, यावरून ठरवावे.

जे कार्ड आपले नाहीच, त्याच्याबाबत तक्रारीतील प्रकार ‘मालकी अमान्य’ असा निवडावा आणि बँकेकडे मूळ अर्जाची व केवायसी कागदपत्रांची प्रत मागावी. अर्जावरील फोटो, सही किंवा पत्ता आपला नसेल, तर प्रश्न तेथेच सुटतो. नावसाधर्म्याने झालेली सरमिसळ आणि कोणी आपल्या कागदांवर जाणूनबुजून घेतलेले कार्ड या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसऱ्या प्रकारात १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रत बँकेच्या तक्रारीला जोडावी. त्याविना बँक चौकशी ढकलत राहते.

वादग्रस्त व्यवहारांविषयीचा नियमही माहीत असावा. कार्डाच्या बिलातील एखादा व्यवहार नाकारून ग्राहकाने तक्रार केली असेल, तर बँकेने ३० दिवसांच्या आत पुराव्यासह खुलासा द्यायचा असतो, आणि वाद प्रलंबित असताना त्या ग्राहकाला थकबाकीदार म्हणून कळवण्याबाबत विशेष काळजी घ्यायची असते. थकबाकीची माहिती वाद मिटल्यावरच द्यावी, असे नियम सांगतो. थकबाकीदार म्हणून कळवण्यापूर्वी सात दिवसांची सूचना देणेही बँकेवर बंधनकारक आहे, आणि देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्याशिवाय खाते थकीत म्हणून कळवता येत नाही. म्हणून सात दिवसांची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर पाठवली, हे बँकेला विचारावे. पुष्कळ प्रकरणे या एका प्रश्नावर हलतात.

तक्रार कशी लिहावी

पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून चुकीच्या नोंदीसमोरील वादाचा पर्याय निवडता येतो. तेथे लिहायला जागा थोडी असते, म्हणून नोंद, चूक आणि अपेक्षित दुरुस्ती एवढेच लिहावे. सविस्तर अर्ज बँकेकडे द्यावा: ईमेलने तक्रार निवारण विभागाला, आणि शक्य असल्यास शाखेत कागदावर, शिक्क्यासह पोच घेऊन. अर्जात राग किंवा झालेल्या मनस्तापाचे वर्णन पहिल्या परिच्छेदात नसावे. वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला काय बदलायचे ते पहिल्या चार ओळींत कळले पाहिजे. नमुना असा:

‘विषय: क्रेडिट कार्ड खाते, शेवटचे चार अंक …, याची पतमाहिती कंपन्यांना पाठवलेली चुकीची माहिती दुरुस्त करणे.

महोदय, वरील खाते बंद करण्याची विनंती मी दि. … रोजी क्रमांक … अन्वये केली होती आणि त्या दिवशी खात्यावर कोणतीही बाकी नव्हती. असे असताना दि. … च्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, नियंत्रण क्रमांक …, हे खाते चालू असून त्यावर रु. … थकीत असल्याचे आणि … ते … या महिन्यांत विलंब झाल्याचे दाखवले आहे. ही माहिती चुकीची आहे. कृपया खाते दि. … रोजी बंद झाल्याची, थकीत रक्कम शून्य असल्याची आणि उपरोक्त महिन्यांत विलंब नसल्याची सुधारित माहिती चारही पतमाहिती कंपन्यांना पाठवावी आणि तसे पत्र मला द्यावे. विनंती अमान्य असल्यास कारणे लेखी कळवावीत. सोबत: विनंतीच्या ईमेलची प्रत, शेवटचे विवरणपत्र, रिपोर्टचे संबंधित पान.’

यातील महिन्यांचा उल्लेख कधीही वगळू नये. अनेकदा बँक थकीत रक्कम शून्य करते, खाते बंद दाखवते आणि काम झाले म्हणून कळवते. महिनावार तक्त्यातील साठ-नव्वद दिवसांचे आकडे मात्र तसेच राहतात आणि स्कोअर हलत नाही. ‘चारही’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे.

तीस दिवसांचा हिशेब

तक्रार दाखल झालेल्या दिवसापासून ३० कॅलेंडर दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्यांपैकी पहिले २१ दिवस बँकेचे: तेवढ्यात तिने सुधारित माहिती पतमाहिती कंपन्यांना पाठवायची असते. ३० दिवस उलटूनही तक्रार मिटली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. उशीर बँकेकडे झाला तर बँक देते, बँकेने वेळेत माहिती दिली असूनही कंपनी थांबली तर कंपनी देते. तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात जमा व्हायची असते. त्यासाठी तक्रार करताना बँक खात्याचा क्रमांक किंवा यूपीआय आयडी विचारला जातो, तो रकाना रिकामा सोडू नये. भरपाईची रक्कम मोठी नाही, पण दिवस मोजले जात आहेत हे कळले की फाईल टेबलावरून पुढे सरकते. म्हणूनच पहिल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक जपून ठेवावा, आणि बँकेने ‘नवी तक्रार करा’ असे सांगितले तरी जुनी मागे घेऊ नये. ती मागे घेतली की दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात.

उत्तर असमाधानकारक असेल, तर बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, त्याच क्रमांकाने दाद मागावी. बँक तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळणार असेल, तर अंतिम उत्तरापूर्वी तिने ती आपल्या अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी पुन्हा तपासण्यासाठी तिनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायची असते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या बँकांना आणि पतमाहिती कंपन्यांनाही असा लोकपाल नेमावा लागतो. फेटाळल्याचे पत्र आले, तर हे प्रकरण अंतर्गत लोकपालाकडे गेले होते का, हे विचारावे.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर विनामूल्य दाखल होते. ऑनलाइन जमत नसेल, तर चंडीगड येथील केंद्रीय कार्यालयाकडे पत्राने, मराठीतूनही पाठवता येते, आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते. मुदत असते, म्हणून उशीर करू नये. ज्या विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू आहे, तो लोकपाल घेत नाही. त्यामुळे आधी कोणता मार्ग धरायचा ते ठरवून मगच पाऊल टाकावे. केवळ नोंद दुरुस्त करून हवी असेल, तर लोकपालाचा मार्ग आधी धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रार चालू असताना

या काळात वसुली एजंटांचे फोन येत राहतात आणि ‘इतके भरून टाका, विषय संपवतो’ असा प्रस्ताव येतो. रक्कम पाच-सात हजारांची असते, घराचा व्यवहार अडलेला असतो, आणि माणूस भरून मोकळा होतो. परिणामी थकबाकी जाते, ‘सेटल्ड’ हा शेरा मात्र राहतो. नाइलाजाने भरायचेच असेल, तर बँकेने सांगितलेली पूर्ण रक्कम भरावी, ती थेट बँकेच्या खात्यात भरावी, आणि त्याच दिवशी ‘ही रक्कम दायित्व मान्य न करता, तक्रारीचा हक्क राखून भरत आहे’ असा ईमेल पाठवावा. थकबाकी भरल्यानंतर ३० दिवसांत बँकेने सुधारित स्थिती पतमाहिती कंपनीला कळवायची असते.

त्याच कार्डावर वाद नसलेली काही रक्कम असेल, तर ती वेळेवर भरत राहावी. वादाच्या नावाखाली सगळे बिल थांबवले, तर खरी थकबाकी तयार होते आणि मग मूळ तक्रारही कमजोर पडते. या दिवसांत नव्या कार्डांसाठी आणि कर्जांसाठी ठिकठिकाणी अर्ज करणेही टाळावे.

‘सिबिल क्लिअर करून देतो’ अशा जाहिराती शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही भिंतींवर दिसतात. कोणत्याही एजंटाला रिपोर्टमध्ये शिरून नोंद पुसता येत नाही. तो करतो ती हीच तक्रार, आणि त्यासाठी आपला पॅन, आधार आणि ओटीपी मागतो. ज्याची आधीच कोणाच्या कार्डाशी गल्लत झाली आहे, त्याने आपली कागदपत्रे आणखी एका अनोळखी माणसाच्या हाती देणे धोक्याचे आहे.

दुरुस्ती झाल्याचे कळल्यावर

बँकेचे पत्र आले म्हणजे नोंद बदलली, असे धरू नये. मोफत रिपोर्ट त्या वर्षापुरता घेऊन झाला असेल, तर तक्रार निकाली काढताना कंपनीने कळवलेली सुधारित स्थिती पाहावी, आणि गरज पडल्यास रिपोर्ट विकत घ्यावा. येथे थोडा खर्च करणे योग्य आहे. खात्याची स्थिती, थकीत रक्कम, बंद होण्याची तारीख आणि महिनावार तक्ता या चारही गोष्टी चारही कंपन्यांकडे तपासाव्यात. एखाद्या ठिकाणी जुनीच नोंद राहिली असेल, तर बँकेचे पत्र जोडून त्या एका कंपनीकडे स्वतंत्र तक्रार करावी. पुढल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा एकदा पाहणेही आवश्यक आहे, कारण बँकेच्या मूळ प्रणालीत चूक राहिली असेल, तर पुढच्या पंधरवड्याच्या माहितीबरोबर ती परत येते.

रिपोर्ट कोणी पाहिला, किंवा बँकेने थकबाकीची माहिती पाठवली, तर त्याचा एसएमएस किंवा ईमेल ग्राहकाला गेला पाहिजे, असा नियम आता आहे. हे संदेश मिळण्यासाठी जुन्या मोबाइल क्रमांकाच्या जागी चालू क्रमांक आणि ईमेल प्रत्येक कार्ड देणाऱ्या बँकेत नोंदवून घ्यावा.

ज्या बँकेने कर्ज नाकारले होते, तिच्याकडे पुन्हा जाताना नवा रिपोर्ट आणि चूक मान्य करणारे कार्ड-बँकेचे पत्र, दोन्ही अर्जाला जोडावीत. स्कोअर वर यायला काही आठवडे लागू शकतात. तेवढा वेळ हाती नसेल, तर शाखेतील कर्ज अधिकाऱ्याला ते पत्र दाखवून, स्कोअर का कमी होता याची लेखी नोंद आपल्या प्रस्तावात घ्यायला सांगावे.